जळणाचे पैसे

जपानमधल्या त्सुमागो या जुन्या मुक्कामाच्या गावाला येणारी माणसं आधी ओकुयाकडे वळतात, आणि ते साहजिकच आहे. ओकुया ही गावातली सगळ्यात देखणी वास्तू, हिनोकी या सरळसोट जपानी झाडाच्या लाकडात बांधलेली. १८८० साली जपानचा सम्राट मेइजी प्रवासात इथे थोडा वेळ विसावला होता. पण गावाच्या दक्षिण अंगाला, कोतोकुजी देवळाखाली, तेराशिता नावाची आळी आहे. तिथलं कामिसागाया हे घर त्याआधी पाहावं, असं मी आग्रहाने सांगेन. अठराव्या शतकाच्या मध्यातलं हे घर. एका अंगाने मागपर्यंत गेलेली मातीची वाट, दुसऱ्या अंगाला जरा उंचावर फळ्यांची भुई, आणि डोक्यावर काळवंडलेल्या तुळया. संपलं घर. इथे कोणी सम्राट उतरला नाही. इथे उतरले ते पाठीवर गाठोडं आणि कमरेला तांदळाची पिशवी बांधून चालणारे लोक.

अशा घराला जपानीत ‘किचिन-यादो’ म्हणतात. शब्दाची तीन चित्राक्षरं आहेत: लाकूड, भाडं, मुक्काम. प्रवाशाने शिधा आपला आणायचा, मालकाने पाणी, विस्तव आणि छप्पर द्यायचं, आणि पैसे घ्यायचे ते जळणाचे. खोलीचं भाडं म्हणून वेगळं काही नाही. रात्रीच्या भातासाठी जेवढं सरपण जळालं तेवढा हिशेब. धर्मशाळेत उतरून तीन दगडांच्या चुलीवर पिठलं-भात रांधलेल्या आपल्याकडच्या यात्रेकरूंना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. जपानमधल्या जुन्या सराया म्हटलं की गरम पाण्याची कुंडं आणि रेशमी गाद्यांची चित्रं डोळ्यांपुढे येतात. त्या सगळ्याचं मूळ मात्र या जळणाच्या पैशांत आहे, आणि म्हणून सराईचा इतिहास तिच्या चुलीपासून सांगायला घ्यावा, असं मला वाटतं.

त्सुमागो नागानो प्रांतात, किसो नदीच्या डोंगराळ खोऱ्यात आहे. एदो, म्हणजे आजचं तोक्यो, आणि क्योतो यांना जोडणारे दोन मोठे रस्ते होते. समुद्राकाठचा तोकाइदो आणि डोंगरातला नाकासेन्दो. नाकासेन्दो सुमारे ५३० किलोमीटरचा. त्यावर मुक्कामाची ६९ गावं, आणि एदोहून मोजत आलं की त्सुमागो ४२ वं. सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तोकुगावा राजवटीने ही मुक्कामाची व्यवस्था बसवली. रस्त्यावर दर ‘री’ अंतराला, म्हणजे जवळजवळ चार किलोमीटरवर, मातीचा उंचवटा करून त्यावर झाड लावलेलं असे. आपल्याकडे कोसमिनार करत ते काम तिथे हे झाड करी. प्रत्येक मुक्कामाच्या गावाने सरकारी निरोप आणि सामान पुढच्या गावापर्यंत पोचवायला माणसं आणि घोडे तयार ठेवायचे. तोकाइदोवर १०० माणसं नि १०० घोडे, नाकासेन्दोवर ५० नि ५०, आणि किसोच्या खोऱ्यातल्या अकरा गावांना मात्र २५ नि २५. खोरं अरुंद, शेती तुटपुंजी. त्याहून जास्त घोडी पोसणं त्या गावांच्या आवाक्यातलं नव्हतं.

१८४३ च्या सरकारी नोंदीत त्सुमागोत ८३ घरं आणि ४१८ माणसं आहेत. त्या ८३ घरांत एक होन्जिन, एक वाकी-होन्जिन आणि ३१ हातागो. म्हणजे गावातलं जवळजवळ दर दुसरं-तिसरं घर परक्या माणसाला झोपायला जागा देऊन पोट भरत होतं.

या नावांमागे उतरंड आहे. होन्जिन फक्त सरदार, दरबारी आणि सरकारी अंमलदार यांच्यासाठी. सामान्य प्रवाशाने कितीही पैसे देऊ केले तरी तिथे जागा नाही. वाकी-होन्जिन म्हणजे त्याच्या जोडीचं दुसरं घर. एकाच रात्री दोन बडे पाहुणे आले तर धाकट्याची सोय इथे. आणि बडं कोणी नसेल तेव्हा इतरांना उतरवायची मुभा. ओकुया हे त्सुमागोचं वाकी-होन्जिन. त्याखाली हातागो, जिथे झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळे. ‘हातागो’ हा शब्द मुळात घोड्याचा चारा नेण्याच्या टोपलीचा. टोपलीत पुढे माणसांचा शिधा आला, आणि मग जेवण देणाऱ्या घरालाच ते नाव चिकटलं. सगळ्यात खाली किचिन-यादो.

होन्जिनचा थाट बाहेरून पाहणाऱ्याला हेवा वाटावा असा, पण धंदा म्हणून तो फार अवघड होता. १६३५ साली शोगुनने, म्हणजे एदोतल्या लष्करी राज्यकर्त्याने, सरदारांवर आळीपाळीने एदोत येऊन राहण्याची सक्ती केली. मग दरसाल हे ताफे रस्त्यांवरून जाऊ-येऊ लागले. सरदाराचा मुक्काम खूप आधी ठरे. त्याच्या नावाची लाकडी पाटी गावाच्या वेशीवर आणि होन्जिनसमोर उभी राही. आणि तो यायचा तो अंथरूण-पांघरूण, भांडी, आचारी, कधी तर न्हाणाचं लाकडी पिंपसुद्धा घेऊन! यजमानाने वास्तू द्यायची, आणि तीही सगळी. जोत्याहून उंच केलेली खास खोली फक्त त्याच्यासाठी वर्षभर राखायची, घरच्या माणसांनी तिथे झोपायचं नाही. पैसे दराने मिळत नसत, खुशीने दिलेल्या नजराण्याच्या रूपात मिळत. सरदारांचे खजिने आटत गेले तसा नजराणाही आटला, आणि छप्पर शाकारायचा खर्च मात्र दर काही वर्षांनी येतच राहिला. पुष्कळ होन्जिन-घराणी कर्जात बुडाली ती यामुळे. किचिन-यादोच्या मालकाला ही भीती नव्हती. जळण दिलं, पैसे घेतले.

हातागोतली संध्याकाळ वेगळीच असे. प्रवासी पहाटे चारच्या सुमाराला निघत आणि दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर चालत. पायात भाताच्या पेंढ्याच्या वहाणा, ज्या एक-दोन दिवसांत विरून जात. दारात आल्याबरोबर पाय धुवायला पाण्याचं घंगाळ पुढे येई. मातीची जमीन आणि फळ्यांची भुई यांच्या मधली कडा ही तिथली खरी हद्द होती. कडेवर बसायचं, पाय धुवायचे, मगच वर. आजही जपानी सराईत पादत्राणं नेमकी त्याच कडेपाशी सुटतात.

गर्दीच्या गावांत हातागोंची आपसांत चढाओढ चाले. दारात उभ्या असलेल्या बायका वाटसरूच्या गाठोड्याला धरून ओढत. अनोळखी माणसांना एका खोलीत दाटीने झोपावं लागे. जेवण वाढायला ठेवलेल्या बायकांकडून अनेक ठिकाणी देहविक्रयही करवून घेतला जाई. १७१८ मध्ये सरकारने प्रत्येक हातागोत अशा दोनच बायका ठेवता येतील असा नियम केला. म्हणजे प्रथा थांबवली नाही, फक्त मोजून दिली. यातल्या कितीतरी मुली कर्जापायी घरच्यांनीच धाडलेल्या असत. जुन्या सरायांचं कौतुक करताना हे पान गाळू नये.

यावर तोड निघाली ती सरकारकडून नव्हे, व्यापाऱ्यांकडून. ओसाकात कापूस पिंजायच्या धनुकलीच्या ताती विकणारी एक पेढी होती. तिच्या फिरत्या माणसाला, गेन्सुकेला, एकट्याने गावोगाव उतरताना या गोष्टींचा जाच होई. १८०४ साली या पेढीने ‘नानिवा-को’ नावाची मंडळी काढली. रस्त्यावरच्या भरवशाच्या सराया निवडल्या, त्यांच्या वळचणीला मंडळीची पाटी टांगली, आणि सभासदांना खुणेची लाकडी चकती दिली. पाटी दिसली की समजायचं, इथे ओढाताण नाही. सभासदांनाही अट होती: जुगार, बायका, दारू पिऊन दंगा यांतलं काही केलं तर खोली मिळणार नाही. तारांकित हॉटेलं यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. माणूस परक्या गावात रात्री कोणाच्या भरवशावर डोळे मिटतो, या प्रश्नाचं इतकं साधं उत्तर मला दुसरीकडे क्वचितच दिसलं आहे.

आता वास्तूकडे वळू. किसोचं खोरं म्हणजे देवदारासारख्या सरळसोट झाडांचं जंगल, आणि तरी इथल्या घरांना चांगलं लाकूड दुर्मीळ होतं. १६१५ पासून हे खोरं ओवारी संस्थानाकडे गेलं, आणि जंगलतोड बेसुमार झाल्यावर संस्थानाने हिनोकी, सावारा, आसुनारो, कोयामाकी आणि पुढे नेझुको या पाच झाडांवर बंदी घातली. ‘एक झाड, एक मुंडकं’ अशी त्या बंदीची ओळख लोकांच्या तोंडी राहिली. दारासमोर हिनोकी उभा, पण खांबाला मात्र दुसरं काहीतरी शोधायचं. राजवट बदलली, बंदी उठली, आणि १८७७ मध्ये ओकुया नव्याने बांधलं गेलं ते हिनोकीत. पिढ्यान् पिढ्या ज्या झाडाला हात लावता आला नाही, त्याचेच खांब. दारूच्या भट्टीवर पैसा केलेल्या हायाशी घराण्याने हे घर बांधलं. त्यातली श्रीमंती पाहताना ही जुनी बंदी मनात असली, तर त्या खांबांवरून हात फिरवावासा का वाटतो ते उमगतं.

या घरांचा खरा कस लागतो छपरावर. किसोतली जुनी छपरं फळ्यांची, आणि वर ओळीने मांडलेले नदीतले गोटे. प्रथमदर्शनी वाटतं, खिळे परवडत नसतील म्हणून. तेही खरं, हाताने घडवलेला लोखंडी खिळा महाग होता. पण खिळा न मारण्यात आणखी एक शहाणपण आहे. या फळ्या करवतीने चिरलेल्या नसतात, ओंडका पात्याने फोडून काढलेल्या असतात. चिरताना करवत लाकडाचे धागे आडवेतिडवे कापते. कापलेल्या धाग्यांची तोंडं पाणी पितात आणि फळी कुजते. फोडताना फळी धाग्याच्या रेषेवरच सुटते. तिच्या अंगावर बारीक पन्हळी राहतात आणि पाणी त्यांतून सरळ खाली ओघळतं. त्यासाठी ओंडका सरळ धाग्याचा, गाठी नसलेला लागतो. पिळ असलेलं लाकूड फोडलं की फळी पंख्याच्या पात्यासारखी वळते, ती छपराला निरुपयोगी.

अशा फळ्या एकमेकींवर चांगल्या चढवून मांडायच्या, वर आडव्या काठ्या, आणि काठ्यांवर गोटे. काही वर्षांनी वरची बाजू उन्हापावसाने झिजली की गोटे उतरवायचे, फळ्या उलटायच्या, कुजलेल्या बाजूला काढायच्या, कडेचं झिजलेलं टोक वरच्या फळीखाली झाकलं जाईल अशी फिरवाफिरव करायची आणि पुन्हा मांडायचं. एकेक फळी अशी तिच्या दोन्ही अंगांनी वापरली जाते. खिळा ठोकला असता तर हे शक्यच झालं नसतं. शिवाय खिळ्याच्या भोकापासूनच कुजायला सुरुवात होते. छप्पर बिघडतं ते बहुतेक वेळा पावसाने नाही, आळसाने. गोट्यांच्या पाठीमागे पालापाचोळा साचतो, त्यात शेवाळ धरतं, फळी कायम ओली राहते. उतार जास्त ठेवला तर बर्फ घसरताना गोटे सोबत नेतो, म्हणून ही छपरं पसरट. आणि पसरट म्हणून पाणी हळू उतरतं, म्हणून फळ्यांची चढण मोठी. एक गोष्ट दुसरीला अशी बांधलेली आहे. आज कितीतरी छपरांवर पत्रा आला आहे, आणि राहत्या घराला ते नावं ठेवण्यासारखं नाही. फळ्यांच्या छपरावर एक ठिणगी पडली तरी रात्र वैऱ्याची.

ठिणगीची भीती पोकळ नव्हे. डोंगरापलीकडचं शेजारचं मागोमे हे मुक्कामाचं गाव १८९५ आणि १९१५ अशा दोन आगींत होरपळलं. आज तिथे दिसतं ते बरंचसं नंतरचं. घराला घर लागून, भिंती लाकूड-मातीच्या, छप्पर फळ्यांचं. त्सुमागोलगतच्या ओत्सुमागो वस्तीतल्या मोठ्या घरांच्या दोन्ही कडांना छोट्या आडभिंती आहेत, त्यांना उदात्सु म्हणतात. शेजारची आग छपराच्या कडेने इकडे येऊ नये म्हणून त्या. पुढे त्या ऐपतीचं लक्षण झाल्या, पण मूळ काम आडोशाचं.

रस्त्यावरून पाहिलं की वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला दिसतो. मजल्याच्या तुळया भिंतीबाहेर काढून त्यांवर वरची खोली पेललेली असते. रस्त्याकाठची जागा मोजकी, पण हवेतली फुकट. वर झोपायला दोन-चार माणसांची जास्त जागा होते आणि खाली पाय धुणाऱ्याच्या डोक्यावर आडोसा. दर्शनी भागाला उभ्या पट्ट्यांची जाळी. दिवसा आतला माणूस रस्ता पाहतो, रस्त्यावरच्याला आतलं दिसत नाही. मोठ्या दारात वाकून जाण्यापुरतं छोटं दार असतं. आपल्या वाड्यांचा दिंडी दरवाजाच. रात्री मोठं दार बंद, उशिरा आलेला छोट्यातून, आणि तोही मान खाली घालून. गावात शिरताना रस्ता मुद्दाम दोनदा काटकोनात वळवला आहे, त्याला मासुगाता म्हणतात. चाल करून आलेल्या शत्रूला सरळ आत घुसता येऊ नये हा हेतू. तो शत्रू कधी आला नाही. वळणावर थबकले ते भारवाही घोडे.

आत आलं की इरोरी. भुईत खोल केलेली चौकोनी आगटी, राखेने भरलेली. वर तुळईला टांगलेला आकडा, त्याला किटली किंवा कढई. आकड्याची उंची बदलायला मध्ये एक लाकडी आडवी अडसर असते, पुष्कळदा माशाच्या आकाराची. ती तिरकी झाली की दांडा घट्ट धरते, सरळ केली की सोडते. बाकी काही यंत्र नाही, केवळ घर्षण. मासा अशासाठी की तो पाण्यातला, आगीला धाक.

आगटीच्या चार बाजू चार मानाच्या. आतल्या बाजूला, दाराकडे तोंड करून घरधनी. त्याच्या एका हाताला, स्वयंपाकघराच्या बाजूस घरधनीण. तिच्यासमोर पाहुणा. आणि मातीच्या वाटेकडची बाजू सरपण सारणाऱ्याची, सगळ्यात खालची; तिथे धूर जास्त आणि पाठीला वारा. जळण वाळलेलं हवं. ओलं लाकूड धुपतं, चेस्टनट तडतडतं आणि ठिणग्या तातामीपर्यंत, म्हणजे भुईवर अंथरलेल्या गवती चटयांपर्यंत, उडवतं, म्हणून चेस्टनट इथे नको. राख पुरेशी खोल असावी लागते, नाहीतर खालची लाकडी चौकट तापून आतल्या आत धुमसत राहते. दिसत नाही म्हणून ही आग सगळ्यात वाईट. रात्री निखारे राखेत पुरायचे, सकाळी उकरून फुंकर घालायची. आपल्याकडच्या आज्या चुलीतला विस्तव असाच राखत.

या धुराला चिमणी नाही. तो वर चढतो, तुळयांना, वाशांना, छपराच्या फळ्यांना माखतो आणि फटींतून निघून जातो. डोळ्यांना तो त्रास, पण लाकडाला औषध. धुराने लाकूड कोरडं राहतं, काजळीच्या लेपामुळे कीड धरत नाही. ज्या घरांत माणसं राहायची थांबतात, चूल विझते, तिथे पहिल्या काही पावसाळ्यांतच बुरशी आणि भुंगा शिरतो. म्हणूनच जुनी लाकडी वास्तू जपायची तर आधी तिथे विस्तव पेटता ठेवावा लागतो. कुलूप लावून ती टिकत नाही. ओकुयात आजही इरोरी पेटवतात. हिवाळ्यात ऊन तिरकं झालं की जाळीतून आत आलेले उन्हाचे पट्टे धुरात उभे राहतात, आणि तेवढ्यासाठी लोक लांबून येतात. त्यांना दिसतं ते सौंदर्य. तुळयांच्या दृष्टीने तो रोजचा औषधाचा डोस आहे.

१८७२ मध्ये मुक्कामाच्या गावांची सरकारी व्यवस्था मोडीत निघाली. १८९२ साली नवा गाडीरस्ता किसो नदीच्या काठाने गेला, त्सुमागोला बाजूला टाकून. १९११ मध्ये रेल्वेचा चुओ मार्ग पूर्ण झाला, तोही नदीकाठानेच. पायी चालणारा प्रवासी संपला, आणि ३१ हातागोंच्या गावाला पाहुणा उरला नाही. होन्जिन पाडलं गेलं. माणसं कामाला शहरांत गेली. जी राहिली त्यांच्याकडे घर पाडून नवं बांधण्याइतके पैसे नव्हते. ज्या गावांना पैसा मिळाला त्यांची जुनी घरं गेली, त्सुमागोची राहिली. त्या गरिबीचं मला कौतुक करवत नाही. गळक्या छपराखाली म्हातारपण काढणाऱ्यांना त्या जुनेपणात काही गोड दिसलं नसेल.

१९६८ मध्ये नागानो प्रांताने मेइजी काळाच्या शताब्दीनिमित्त त्सुमागोच्या जतनाचं काम हाती घेतलं. आराखड्यामागे वास्तुइतिहासाचे अभ्यासक ओता हिरोतारो होते, आणि गावकऱ्यांनी आपली मंडळी उभी केली. सुरुवात तेराशितापासून झाली. पहिल्या तीन वर्षांत २६ घरांची दुरुस्ती झाली. कामिसागाया १९६९ मध्ये सुटं करून पुन्हा उभं केलं गेलं.

सुटं करून उभं करणं ही जपानी पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. घर खिळ्यांवर नाही, खाचा आणि पाचरांवर उभं असतं, म्हणून ते उलगडता येतं. आधी प्रत्येक तुकड्याला क्रमांकाची चिठ्ठी. मग वरून खाली उतरवत यायचं: फळ्या, वासे, आढं, तुळया, शेवटी खांब. मग प्रत्येक तुकडा ठोकून ऐकायचा. निरोगी लाकूड खणखणतं, आतून सडलेलं बद्द वाजतं. बहुतेक खांब बुडाशी सडलेले निघतात, कारण तळखड्याचा दगड ओल धरतो आणि खांबाचं उघडं टोक ती वर ओढतं. अख्खा खांब फेकायचा नाही. सडका भाग निरोगी लाकडापर्यंत कापायचा आणि त्याच जातीच्या, पूर्ण वाळलेल्या लाकडाचा नवा पाय जोडायचा. जोडाची दोन्ही टोकं सारखीच कोरलेली असतात. ती आडवी सरकवून एकमेकांत बसवतात आणि मध्ये उरलेल्या चौकोनी भोकात पाचर ठोकतात. पाचर जशी आत जाते तशी दोन्ही टोकं घट्ट आवळली जातात. नवं लाकूड ओलं असेल तर वर्षभरात आक्रसतं आणि जोड सैल पडतो. खांब मग वजन नीट खाली देत नाही आणि वरची तुळई वाकते. वाढत्या झाडाचं बूड खाली, शेंडा वर, ही दिशाही पाळतात. आणि जतनाच्या कामात नव्या तुकड्यावर दुरुस्तीचं वर्ष उमटवायचा रिवाज आहे, म्हणजे शंभर वर्षांनी उघडणाऱ्या सुताराची फसगत होणार नाही. जुन्याला जुनं आणि नव्याला नवं म्हणण्याचा हा प्रामाणिकपणा मला या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. आपल्याकडे वाड्याच्या जीर्णोद्धारात सिमेंटच्या खांबाला लाकडाचा रंग फासलेला दिसतो, तेव्हा ही खूण हटकून आठवते.

१९७१ साली गावकऱ्यांनी आपली सनद केली. विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९७३ मध्ये नगराचा स्वतःचा कायदा आला, देशाच्या कायद्यात अशा वस्त्यांना जागा मिळाली ती १९७५ मध्ये. १९७६ मध्ये देशातल्या पहिल्या सात संरक्षित वस्त्यांत त्सुमागो होतं. संरक्षित क्षेत्र सुमारे १२४५ हेक्टर, म्हणजे घरांच्या ओळीबरोबर भोवतीचे डोंगरही त्यात आले. विजेचे खांब रस्त्यावरून मागे हलवले गेले. तीन नियमांतला ‘भाड्याने द्यायचं नाही’ हा मला सगळ्यांत कठीण वाटतो. पर्यटक वाढल्यावर बाहेरच्या दुकानदाराला ओटी देऊन घरबसल्या पैसा मिळत असताना तो नाकारायचा, पिढ्यान् पिढ्या. होन्जिन मात्र १९९५ मध्ये जुन्या नकाशावरून नव्याने उभारलं. काम चोख आहे, तरी माझे पाय तिथे फार रेंगाळत नाहीत.

त्सुमागो आणि ओत्सुमागोत काही जुन्या घरांत अजून पाहुणे उतरतात, आणि आता महाराष्ट्रातूनही चालणारे लोक मागोमेहून आठ किलोमीटरची घाटवाट उतरून तिथे पोचतात. त्यांच्यासाठी दोन-चार कामाच्या गोष्टी. जेवण सांगितलेल्या वेळेलाच, बहुधा सहाच्या सुमाराला, आणि ते आगाऊ सांगितलेल्या माणसांपुरतंच शिजतं. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच स्पष्ट सांगा, आणि ‘मासे-मांस नको’ एवढं पुरत नाही. जपानी रश्श्याचं मूळ पाणी, दाशी, वाळवलेल्या बोनितो माशाचं असतं. कोम्बु हे समुद्री शेवाळ आणि वाळलेली शिइताके अळंबी यांचं दाशी करता येतं, पण ते रात्रभर भिजवावं लागतं. ऐन वेळी सांगून होत नाही. भाजलेल्या भाताच्या वड्यांना अक्रोड आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, यांचा लेप लावलेली गोहेइ-मोची मात्र जरूर मागा.

तातामीवर चपला तर नाहीतच, घरातले स्लिपरही नाहीत, आणि चाकांची बॅग उचलून न्यायची. वरची गवताची चटई जेमतेम काही मिलिमीटर जाड असते. चाकाने तिचे धागे तुटले की ते परत येत नाहीत. चार-पाच वर्षांनी ती उलटून दुसऱ्या बाजूने वापरतात, छपराच्या फळीसारखीच. ओरखडा खोल गेला तर उलटण्याची सोयही संपते. न्हाणघरात आधी बाहेर बसून साबण लावून अंग धुवायचं, मग पिंपात उतरायचं. पाणी सगळ्यांचं एकच, म्हणून बूच काढायचं नाही.

शोजीच्या कागदी दारांना भिजला हात लावू नका. तो कागद वर्षाच्या शेवटी बदलण्याची रीत आहे. पट्ट्यांवर पाणी फिरवून जुनी खळ मऊ करायची, कागद सोलून काढायचा, चौकट पूर्ण वाळवायची. मग पातळ खळ लावून कागदाच्या पट्ट्या खालून वर चिकटवत जायचं, म्हणजे वरची पट्टी खालचीवर चढते आणि कडेवर धूळ बसत नाही. खळ दाट झाली तर डाग पडतात आणि किडे येतात. खळ वाळल्यावर पाण्याचा बारीक फवारा मारला की सैल कागद ताणून ढोलाच्या कातड्यासारखा होतो. फवारा घाईने मारला तर सगळा कागद सुटून हातात येतो. मध्येच भोक पडलं तर फुलाच्या आकाराचा तुकडा कापून चिकटवतात. जुन्या सराईच्या दारावर अशी दोन-तीन फुलं दिसली तर तिथे अजून मुलं आणि पाहुणे येतात असं समजावं.

संध्याकाळी दिवसभराचे पर्यटक परतले की रस्ता रिकामा होतो. अंधार पडायच्या आत एकदा तेराशिताकडे जाऊन यावं. कामिसागायात आत शिरायला आता पैसे पडत नाहीत. मातीच्या वाटेवर उभं राहून वर पाहिलं तर तुळयांवर अजून तीच काजळी आहे, ज्यांनी जळणाचे पैसे मोजले त्यांच्या भाताची.